भांगाच्या दिवसांत पडवी

'तुम्हाला व्यायाम वर्ज्य,' असं सांगणाऱ्या डॉक्टरांवरचा राग अजून गेलेला नाही. मला मल्टिपल स्क्लेरोसिस आहे. त्यात मज्जातंतूंवरचं आवरण जागोजागी झिजतं, एवढं पुरे. बाकीचं सांगून सांगून मी कंटाळलेय.

मे महिना होता. सफाळ्याहून एसटीने दातिवऱ्याला उतरले, थांब्यापासून भरभर चालत निघाले. घर येईपर्यंत डाव्या डोळ्यासमोर धुकं आणि उजवा पाय ओढतोय. पंख्याखाली पडल्यावर तासाभरात सगळं जागच्या जागी! हे डॉक्टरांना सांगितलं, तर व्यायाम वर्ज्यचा हुकूम मिळाला. बसले. सासूबाई झाडूही हातात घेऊ देईनात, 'तू बस गं.' मायाच ती, पण मांड्या सुकत गेल्या. शेवटी मोरीचा उंबरा ओलांडायला चौकट धरावी लागायची.

पुढे एका तरुण फिजिओथेरपिस्टने सांगितलं, 'ताई, मे महिन्यातला तो नवा झटका नव्हता.' विल्हेल्म उथॉफ या जर्मन नेत्रवैद्याने १८९० मध्येच हे नोंदवून ठेवलंय. शरीर अर्ध्या अंशाने तापलं तरी झिजलेल्या तंतूतून संदेश अडतो, गार झालं की सुटतो. नवी इजा होत नाही. नवीन त्रास चोवीस तासांपेक्षा जास्त टिकला, तर मात्र डॉक्टर गाठायचा. आणि १९९६ मध्ये अमेरिकेत युटाच्या संशोधकांनी अशाच रुग्णांकडून पंधरा आठवडे व्यायाम करून घेतला, तेव्हा त्यांची ताकद आणि दमसास वाढला. मला 'बसा' सांगितलं गेलं ते त्यानंतर कितीतरी वर्षांनी! कुणी वाचलं नव्हतं की वाचायची गरज वाटली नव्हती? माझे पाय होते ना ते.

आता पंचांग बघून चालते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, उधाणाच्या दिवसांत, आपल्याकडे पहाटे पूर्ण ओहोटी असते. मग पुळणीवर ओली, घट्ट वाळू मिळते आणि ऊनही नसतं. कोरड्या वाळूत पाय रुततो, तोल जातो, तिकडे फिरकायचं नाही. निघण्याआधी गार पाणी प्यायचं, ओला पंचा मानेवर टाकायचा. अष्टमीच्या सुमारास भांगाची, म्हणजे लहान, भरती पहाटेच येते, तेव्हा पडवीत खुर्ची. हात न टेकता उठायचं, बसायचं, भिंतीला बोट लावून एका पायावर उभं राहायचं. पाय थरथरला की थांबायचं. 'अजून एकदा' हा हट्ट मला संध्याकाळपर्यंत पुरतो.

गावातले सल्ले वेगळेच. घाम गाळ, गरम पाण्याने शेक. गरम पाणी! एमआरआय नव्हता त्या काळी रुग्णाला गरम पाण्यात बसवून, लक्षणं वाढतात का पाहून हा आजार ओळखायचे.

यंदाच्या मे महिन्यात मात्र सकाळीही वारा नव्हता. मी सरळ पडून राहिले, त्या डॉक्टरांच्या हुकमाप्रमाणेच, आणि बरं वाटलं. राग तरीही तसाच आहे.

पुतण्या म्हणतो, 'काकी, पालघरच्या जिममध्ये नाव घालू?' म्हटलं, आधी बघून ये, एसी चालतो की नुसता भिंतीला लावलाय.