रोनच्या काठी किब्ला आग्नेयेला

आमच्या घरी किब्ला शोधावा लागत नाही. कोकणात खाडी जिकडे समुद्राला मिळते, सूर्य जिकडे मावळतो, तिकडे तोंड केले की झाले. फ्रान्समधल्या ल्यों शहरात बोटीवर चढून आम्ही सामान खोलीत ठेवले, तेव्हा अम्मींचा पहिला प्रश्न होता, "इथे किब्ला कुठे?"

मोबाईलवर पाहिले तर आग्नेय दिशा. रोन नदी ल्योंपासून पुढे दक्षिणेला, भूमध्य समुद्राकडे वाहते. म्हणजे बोटीचे तोंड दक्षिणेला असताना किब्ला समोरच्या डाव्या बाजूला येतो. अम्मींनी खिडकीच्या चौकटीवर बोट ठेवून ती जागा लक्षात ठेवली. त्यांचा दुसरा प्रश्न मात्र मोबाईलला विचारण्यासारखा नव्हता. "एवढ्या लांब आलो आहोत. इथे आपलं कुणी आहे का?"

सप्टेंबर अखेरीचे ते पाच दिवस. आम्ही दोघे, अम्मी आणि आमची बारा वर्षांची मुलगी. ल्यों ते आर्ल असा नदीतून प्रवास, वाटेत व्हिएन आणि आविन्यों. नदीवरच्या बोटीची सोय अशी, की सामान एकदाच ठेवायचे आणि गावे आपल्या दाराशी येतात. बोट बहुधा गावाच्या काठालाच लागते. अम्मींच्या गुडघ्यांना हाच प्रवास झेपण्यासारखा होता.

निघण्याआधी ल्योंची मोठी मशीद पाहिली. शहराच्या आठव्या विभागातली ही मशीद १९९४ मध्ये सुरू झाली. शहरात उत्तर आफ्रिकेतून आलेली कुटुंबे खूप आहेत. त्यामुळे हलाल जेवणाची अडचण ल्योंमध्ये आली नाही. अडचण आली ती बोटीवर. आम्ही महिनाभर आधी लेखी कळवले होते, तरी पहिल्याच रात्री सूपमध्ये डुकराच्या मांसाचे तुकडे निघाले. मुलीने चमचा खाली ठेवला. आचारी स्वतः टेबलापाशी आला, माफी मागून गेला, आणि पुढे रोज मासे, अंडी, भाज्या आमच्यासाठी वेगळ्या शिजल्या. वाचकांना सांगण्यासारखे एवढेच, की केवळ 'मांस नको' म्हणून भागत नाही. इथे सॉसमध्ये वाइन असते, गोड पदार्थांत जिलेटिन असते. दोन्हींची नावे घेऊन विचारावे. विचारल्याचा कुणाला राग येत नाही.

पेहरावाबद्दलही अनेकजण विचारतात. फ्रान्समध्ये २००४ च्या कायद्याने सरकारी शाळांतल्या विद्यार्थिनींना हिजाब घालता येत नाही, आणि २०१० च्या कायद्याने सार्वजनिक जागी चेहरा झाकता येत नाही. रस्त्यावर, बाजारात डोक्यावरच्या ओढणीला मनाई नाही. अम्मींची ओढणी पाच दिवस डोक्यावरच होती.

व्हिएनमध्ये सम्राट ऑगस्टस आणि त्याची राणी लिविया यांचे रोमन मंदिर आहे. दोन हजार वर्षे जुने, तरी खांब शाबूत. पुढच्या काळात त्याचे चर्च झाले, म्हणून ते वाचले. माणसे वापरत राहिली की इमारत टिकते, हे आपल्याकडच्या जुन्या मशिदी पाहिलेल्यांना वेगळे सांगायला नको.

व्हिएननंतर दोन्ही काठांच्या उतारांवर द्राक्षमळे लागतात. बोटीवरचे बरेचसे प्रवासी वाइन चाखायला उतरले. आम्ही काठावर फिरलो आणि बाजारातून नुसती द्राक्षे आणली.

ल्योंपासून समुद्रापर्यंत रोनवर बारा जलपाश आहेत. जलपाश म्हणजे पाण्याचा जिना. बोट एका बंदिस्त कुंडात शिरते, मागचा दरवाजा मिटतो, पाणी खाली जाते आणि बोटही. बोलेनचा जलपाश सर्वांत खोल, सुमारे २२ मीटर, म्हणजे सात मजली इमारतीएवढा. आम्ही तिथे पोहोचलो तेव्हा जुहर-असरची वेळ होती. आमच्या शाफई मसलकात प्रवासात या दोन नमाजा एकत्र करण्याची सवलत आहे. हनफी कुटुंबांनी आपल्या मसलकाप्रमाणे करावे. मुलीला काळजी, की नमाजमध्ये बोट वळली तर? आम्ही सांगितले, वळली तर आपणही वळायचे. पण कुंडात बोट वळत नाही, जागच्या जागी खाली उतरते. खिडकीबाहेर काँक्रीटची ओली भिंत वर वर सरकत होती. आम्ही कसर करून चार रकातींच्या दोन पढलो. सलाम फेरला तेव्हा बाहेर पुन्हा उजेड होता.

आविन्यों म्हटले की पोपचा राजवाडा आणि तुटका पूल. बाराव्या शतकात बांधलेल्या या पुलाला एकेकाळी २२ कमानी होत्या. पुरांनी त्या पाडल्या, आता चार उरल्या आहेत. पोप पाचवा क्लेमेंट १३०९ मध्ये या गावी राहायला आला आणि १३७७ पर्यंत पोपची गादी रोमऐवजी इथे होती. राजवाड्याच्या भिंती किल्ल्यासारख्या जाड आहेत.

त्या भिंतींच्या सावलीत बसून आम्ही मुलीला या गावाची त्याआधीची गोष्ट सांगितली. इसवी सन ७१९ मध्ये अंदलुसहून आलेल्या मुस्लिम फौजेने इथून पश्चिमेचे नार्बोन शहर घेतले. पुढे आर्ल आणि आविन्योंही काही काळ त्यांच्या हाती होते. ७३७ मध्ये शार्ल मार्तेलने आविन्यों परत घेतले आणि ७५९ मध्ये नार्बोनही गेले. सारा हिशेब चाळीस वर्षांचा.

"मग काहीच उरलं नाही?" मुलीने विचारले.

उरले. ज्या १३०९ मध्ये पोप क्लेमेंट इथे आला, त्याच वर्षी त्याने माँपेलिएच्या वैद्यकीय विद्यापीठासाठी फर्मान काढले. तिथल्या विद्यार्थ्यांनी कोणते ग्रंथ शिकायचे त्या यादीत इब्ने सीना आणि अल-राझी यांचे ग्रंथ होते. फौजा गेल्या त्याला साडेपाचशे वर्षे झाली होती. किताबे मात्र अरबीतून लॅटिनमध्ये येऊन पोपच्या मोहरेने शिकवली जात होती.

प्रवास आर्लला संपला. इथला रोमन अखाडा पहिल्या शतकाच्या अखेरचा, सुमारे वीस हजार माणसे बसतील एवढा. रोमचे राज्य मोडल्यावर लोकांनी त्याच भिंतींच्या आत घरे बांधली. अखाड्याचेच गाव झाले. एकोणिसाव्या शतकात ती घरे हटवली, पण बुरूज अजून दिसतात.

शनिवारी आर्लचा मोठा बाजार भरतो. ऑलिव्ह, जिरे, पुदिन्याच्या जुड्या. अम्मींची ओढणी पाहून ऑलिव्हवाल्याने सलाम केला. अम्मींना फ्रेंच येत नाही, त्याला मराठी येत नाही. दोघे बोटांनी भाव करत राहिले. शेवटी त्याने मूठभर ऑलिव्ह जास्तीचे टाकले.

शेवटच्या दिवशी आम्ही आगगाडीने तीसेक किलोमीटरवरच्या नीम शहरात गेलो. तिथे उत्खननात मध्ययुगातल्या तीन कबरी सापडल्या. २०१६ मध्ये त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सातव्या ते नवव्या शतकातली तीन माणसे. उजव्या कुशीवर ठेवलेली, चेहरे आग्नेयेला, मक्केकडे. हाडांच्या तपासणीत त्यांचा पितृवंश उत्तर आफ्रिकेचा निघाला. संशोधकांच्या मते ते बहुधा फौजेबरोबर आलेले बर्बर असावेत. त्यांची नावे कुणालाच ठाऊक नाहीत. पण कुणीतरी दिशा नीट पाहून त्यांना मातीत ठेवले होते. कबरी शहराबाहेर दूर नव्हत्या. जुन्या रोमन तटाच्या आतच होत्या.

कुरआन आपल्याला जमिनीवर फिरून आधीच्या लोकांचे काय झाले ते पाहायला सांगतो. पाच दिवस आम्ही सम्राटांचे मंदिर, पोपचा वाडा, मोठाले अखाडे पाहिले. डोळ्यांत पाणी आले ते या शहरात. एका बागेत झाडाखाली उभे राहून आम्ही त्या तिघांसाठी मगफिरतची दुआ मागितली.

मगरिबच्या वेळी बोटीवर परतलो. बोट आर्लच्या धक्क्याला बांधलेली होती. मुलीने मोबाईल काढला, पण अम्मींनी तिला थांबवले. त्यांनी मुसल्ला अंथरला, आग्नेयेला.

"इकडे," त्या म्हणाल्या. "आपली माणसं इकडेच तोंड करून झोपली आहेत."