तळाचा आवाज

आमच्या आजाकडे शिशाचं एक वजन होतं. लांबट, मुठीत मावणारं, बुडाशी खोलगट केलेलं. त्या खोलगटीत तो चरबी थापायचा. दोरीला वाव-वावावर चिंध्यांच्या गाठी होत्या. वजन टेकलं की गाठी मोजून खोली कळायची. वर ओढलं की चरबीला काय चिकटलंय ते बघायचं: वाळू, चिखल की शिंपल्यांचा चुरा. चरबी कोरी आली तर खाली खडप, आणि खडपावर जाळं सोडायचं नाही.

घोळीच्या दिवसांत त्याची आणखी एक रीत होती. वल्हं पाण्यात उभं धरून तो दांड्याला कान लावायचा आणि आम्हा पोरांना गप्प बसवायचा. घोळ पोटातल्या हवेच्या पिशवीला थरथरवून आवाज करते. तीच पिशवी म्हणजे भोत, जिच्यासाठी व्यापारी माशापेक्षा जास्त पैसे मोजतो. मलाही त्याने एकदा कान लावायला दिला. खालून गुरगुर येत होती, आणि पाण्याखाली इतकं काही चाललेलं असतं याने मी चकित झालो. ते नवल अजून ओसरलेलं नाही.

काका मुंबईला ससून डॉकच्या ट्रॉलरवर होते. तिथल्या यंत्राच्या कागदाची गुंडाळी त्यांनी एकदा घरी आणली. काळपट रेघांनी भरलेला, जळक्या वासाचा कागद. यंत्राची सुई ठिणगीने कागद जाळत जाई आणि समुद्राचा तळ उमटे. आजाने तो चुलीच्या उजेडात बराच वेळ पाहिला आणि एका उंचवट्यावर बोट ठेवून म्हणाला, "हे खडप." काका हसले, कारण ते खरंच खडप होतं.

जपानात नागासाकीच्या फुरुनो बंधूंनी १९४८ मध्ये मासे शोधायचं असं यंत्र व्यवहारात आणलं. तत्त्व आजही तेच आहे. होडीच्या तळातून आवाज सोडायचा आणि परत येणारा ऐकायचा. समुद्राच्या पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे १५०० मीटर धावतो. वीस वावांवर जाऊन परत यायला त्याला सेकंदाचा विसावा भागही लागत नाही.

माझ्या मचव्यासाठी फिशफाइंडर घ्यायची वेळ आली तेव्हा दुकानात सगळे जास्त वॉटचं, मोठ्या पडद्याचं यंत्र पुढे करत होते. मी एकच बघत होतो: आपण किती पाण्यात जातो? ५० किलोहर्ट्झचा आवाज खोल जातो, पण रुंद पसरतो आणि बारकावा दाखवत नाही. २०० किलोहर्ट्झची लाट जेमतेम साडेसात मिलिमीटरची, अरुंद आणि नेटकी. वीस-तीस वावांत जाळं टाकणाऱ्याला तीच पुरते.

खरी मेहनत बसवण्याची. आवाज सोडणारा आणि ऐकणारा गोळा म्हणजे ट्रान्सड्यूसर. त्याच्या तोंडाखालून बुडबुडे गेले की तो बहिरा होतो, कारण पाण्यातला आवाज हवेशी येऊन परततो. म्हणून पंख्यापासून लांब, आणि नाळेने फोडलेलं पाणी जिथे शांत होतं तिथे. छत्तीस फुटी होडीत नाळेपासून बारा ते अठरा फुटांच्या दरम्यान. चुलतभावाच्या फायबरच्या होडीत तो आतूनच चिकटवला, थोडी ताकद गेली पण चाललं. सागवानात ते जमत नाही. घोळीची जाडी गुरगुर वल्ह्यातून वर येते, पण हा बारीक आवाज लाकडात विरून जातो. तेव्हा पावसाळ्यात मचवा वर ओढलेला असताना फळीला भोक पाडणं आलं. चांगल्या होडीला भोक पाडताना सुताराचाही हात जड होतो. तळ उतरता असल्यामुळे त्याने लाकडाची उतरती गादी तासून दिली, म्हणजे गोळ्याचं तोंड सरळ खाली राहील. वायर इंजिनाच्या वायरींपासून वेगळ्या बाजूने नेली. गोळ्याच्या तोंडावर रंगाचा जाड थर चढू दिला नाही.

पडदा वाचायलाही शिकावं लागतं. उजव्या कडेची रेघ तेवढी आत्ताची. बाकी सगळं मागे पडलेलं पाणी. खडपाखाली लांब शेपूट दिसतं, कधी दुप्पट खोलीवर दुसरा तळ उमटतो. मऊ चिखलाचं शेपूट आखूड. भोत असलेला मासा ठळक दिसतो, कारण परत येणारा आवाज बहुतेक त्या हवेचाच असतो. सुरमईला ती पिशवीच नाही, मुशीलाही नाही. त्या नुसत्या पुसट खुणा. पडदा कोरा म्हणून पाणी कोरं, असं मानणारा तांडेल सुरमईला मुकतो. म्हणूनच मला हे यंत्र तळासाठी जास्त मोलाचं वाटतं. खडपाला अडकून फाटलेलं जाळं कर्जाने उभं करणारी घरं मी पाहिली आहेत.

आता पुतण्याला सोनार हवं आहे. फिशफाइंडर होडीखालचं सांगतो, सोनार चहूबाजूंचं, लांबचंही. बांगड्याचा थवा दुरून गाठून पर्ससीनच्या जाळ्यात पुरता वेढायला ते फार कामाचं. पर्ससीनवर २०१६ मध्ये राज्याने निर्बंध घातले ते उगाच नव्हे. थव्यातला कुणीच निसटत नसेल तर पुढच्या वर्षी अंडी कोण घालणार? आम्ही सोडतो ती गळफासाची जाळी, मासा आपणहून त्यांत येतो. त्यांना सोनार लागत नाही. हे त्याला मी स्पष्ट सांगितलं. तो नाराज आहे, आणि त्याची नाराजी मला समजते; शेजारच्या बोटी भरून येताना पाहणं सोपं नसतं. तरी सोनारचे पैसे या पावसाळ्यात नव्या जाळ्यांवर आणि तळाच्या दोन कुजक्या फळ्यांवर जातील. फळ्या बदलताना जुना गोळा काढावा लागेल. नवी गादी पुतण्याने स्वतः तासावी, असं मी सुताराला सांगून ठेवलं आहे.