एका मोटरवर

गणपतीतला हलता देखावा लोक समोरून बघतात. मला तो मागून बघायला आवडतो. पडद्यामागे एक लांब दांडा फिरत असतो, त्यावर लाकडी चकत्या, कप्प्या, पट्टे, दोऱ्या आणि एका टोकाला एकुलती एक मोटर.

गेल्या वर्षी आमच्या मंडळाचा विषय होता ‘गावगाडा’. दोन लोहार, एक कुंभार, एक सुतार आणि जात्यावर बसलेली बाई. मोटर गाडीच्या वायपरची, भंगारातून आणलेली, 12 व्होल्टची, मिनिटाला साधारण 45 फेरे देणारी. एक मित्र म्हणाला, “पाच सर्व्हो लाव की, कोड मी लिहितो.” पण बजेट नव्हतं. शिवाय दहा दिवस, पावसाची ओल, रात्री नऊला बिघाड झाला तर हाताशी पाना घेतलेली पोरं असणार, लॅपटॉपवाला नाही.

मोटरला एकच गोष्ट येते, गोल फिरणं. बाकी सगळं तिच्याकडून करून घ्यावं लागतं. कुंभाराच्या चाकाला फिरायचंच होतं, म्हणून ते पट्ट्याने थेट मोटरला जोडलं. मुख्य दांड्यावर तिप्पट व्यासाची कप्पी लावली, 45 चे 15 फेरे झाले. वेग तिसऱ्या हिश्शावर आला, जोर जवळपास तिप्पट झाला. जात्याला हा संथ वेग चालला. सुताराच्या करवतीला मागेपुढे व्हायचं होतं, त्यासाठी चकतीच्या कडेला एक खिळा आणि खिळ्याला भुजा.

लोहाराचं काम अवघड. हातोडा सावकाश वर जायला हवा आणि धाडकन खाली पडायला हवा. त्यासाठी शंखासारखी चकती कापली. अर्ध्या फेऱ्यात तिची कड केंद्रापासून लांब लांब जाते आणि मग एकदम तुटते. तिथून हातोडा सुटतो. पाडायला मोटर लागत नाही, वजन पुरतं. उरलेला अर्धा फेरा हातोडा ऐरणीवर टेकलेला.

हातोडे एकेक किलोचे. एक किलो 30 सेंटीमीटर उचलायला साधारण 3 ज्यूल लागतात, म्हणजे किरकोळ. पण दोन्ही चकत्या एकाच कोनात बसवल्या तर अर्धा फेरा दोन्ही हातोडे मोटरच्या अंगावर आणि अर्धा फेरा ती रिकामी. म्हणून दुसरी चकती 180 अंशांनी फिरवून बसवायची. एक हातोडा पडतो तेव्हा दुसरा उठायला लागतो. मोटरवर कायम एकाच हातोड्याचा भार, आणि समोर दर दोन सेकंदांनी एक घाव. बघणाऱ्यांना वाटतं, ताल धरलाय. मागून बघितलं तर तो ओझं वाटून घेण्याचा हिशोब असतो.

आई एका संध्याकाळी मांडवात आली होती. तिला हे समजावलं तर म्हणाली, “हेच तर मी पंचवीस वर्षं करतेय.”

खरंच करत होती. बाबांचा एक पगार आणि त्यावर चालणारं सगळं घर. आमच्या फिया जूनमध्ये, म्हणून विम्याचा हप्ता तिने डिसेंबरात घेतला. किराणा एक तारखेला, दूधवाला दहाला, भिशी पंधराला. दोन हातोडे एकदम वर जाऊ द्यायचे नाहीत. दोन वर्षांपूर्वी बाबांची कंपनी बंद पडली आणि आता मोटर म्हणजे मी. बहिणीचं कॉलेज, बाबांची औषधं, घराचा हप्ता.

जुन्या कापड गिरण्यांतही अशीच रचना असे. एक वाफेचं इंजिन, छताजवळून जाणारे लांब दांडे आणि त्यांवरून प्रत्येक यंत्रापर्यंत उतरणारा पट्टा. एखादं यंत्र थांबवायचं तर इंजिन थांबवत नसत. त्याचा पट्टा शेजारच्या मोकळ्या कप्पीवर सरकवत. ती कप्पी दांड्यावर नुसतीच गरगर फिरते, तिच्याने काही हलत नाही. आईचं बी.ए. दुसऱ्या वर्षानंतर असंच मोकळ्या कप्पीवर गेलं. कुणी ते बंद केलं नाही, म्हणून ते थांबलंय हे कुणाला दिसलंही नाही.

पट्ट्याची आणखी एक गोष्ट मला आवडते. दातेरी चाकं अडकली तर दात तुटतो किंवा मोटर जळते. सपाट पट्टा तसं करत नाही, भार फार झाला की तो घसरतो. सातव्या दिवशी एका पोराने आत घातलेली काठी जात्यात अडकली. पट्टा चर्र करत घसरला, जातं थांबलं, बाकीचे चौघं चालू राहिले. काठी काढली आणि बाई पुन्हा दळायला लागली.

घरातही थोडं घसरता यायला हवं. “या महिन्यात नाही जमणार” हे वाक्य मला पहिलं वर्षभर उच्चारता येत नव्हतं. आता मी ते म्हणतो. त्याने काही तुटलेलं नाही.

सध्या आई आणि मी एक कॅलेंडर घेऊन बसतो. जूनमध्ये बहिणीची फी आहे, सप्टेंबरात बाबांच्या तपासण्या. मध्ये ऑगस्ट तसा हलका आहे. बी.ए.चा उरलेला अभ्यास पुन्हा सुरू करायची फी तिथे बसते का, ते बघतोय. आई म्हणते, आधी पट्टा जागेवर आण, मग बघू ओढतोय का.