वाइपो

२०१३ च्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी आईबरोबर शांघायला मामाकडे गेले. मामाने चिनी मुलीशी लग्न केले, म्हणून आजीने त्याच्याशी अबोला धरला होता.

तिथे मामीची आई मला रोज हिरव्या मुगांचे गार, गोड कढण द्यायची. मामेभाऊ तिला ‘वाइपो’ म्हणे. चिनी भाषेत वाइ म्हणजे बाहेर. आईची आई ती बाहेरची आजी!

परतल्यावर हे मी आजीला सांगितले.

“म्हणजे मीही तुझी बाहेरचीच की गं!” आजी पुटपुटली. बराच वेळ ती गप्प होती. मग म्हणाली, “त्या कढणात गूळ घालतात की साखर?”

“साखर.”

“बरं. मामाला फोन लाव.”