बिगरहंगामातले रोम

रोमची यात्रा करावी ती ईस्टरला किंवा मे महिन्याच्या सुट्टीत, असा आपल्याकडील यात्रेकरूंचा प्रघात आहे. आम्ही गेलो ते 2024 च्या फेब्रुवारीअखेरीस. कारण अध्यात्माचे नव्हते, खिशाचे होते. आमच्या आईने पस्तीस वर्षे पहाटेच्या गाडीने दादरला भाजी नेली. त्या कमाईतून मुलांची शिक्षणे आणि घराचे छप्पर निघून जी शिल्लक मागे राहिली तिच्यात चौघांचा प्रवास बसायचा तर तो हिवाळ्यातच बसत होता. चौघे म्हणजे आम्ही उभयता, आई आणि तिची धाकटी बहीण, आमची मावशी. वसईचे संत गोन्सालो गार्सिया यांना 1862 साली ज्या नगरीत संतपद घोषित झाले ती नगरी डोळ्यांनी पाहावी, एवढीच आईची इच्छा. मावशीचा हेतू अधिक निश्चित होता. मामा-मामींच्या लग्नाला पन्नास वर्षे पूर्ण होत होती आणि त्यांच्यासाठी पोप महोदयांचा आशीर्वादपट आणायचा होता.

फेब्रुवारीतले रोम थंड, ओलसर आणि मोकळे असते. विमानभाडे व मुक्काम स्वस्त पडतो, आणि संत पेत्राच्या महामंदिरात सकाळी सात वाजता दार उघडताच रांगेवाचून आत जाता येते. (आम्ही गेलो तेव्हा बेर्निनीच्या भव्य छत्रावर डागडुजीसाठी नुकत्याच पराती बांधल्या होत्या. मावशी त्याने फारच हिरमुसली.) परंतु या मोकळेपणाला एक दुसरी बाजू आहे. मे महिन्यात रस्त्यावरच्या ठकापुढून हजारो माणसे जातात. त्यांतला एखादा गळाला लागला तरी त्याचे भागते. बिगरहंगामात गिऱ्हाईक मोजके, म्हणून समोर येणाऱ्या प्रत्येकामागे चौघे लागतात. कोणी मनगटाला रंगीत दोरा बांधू पाहतो, कोणी हाती गुलाब ठेवतो आणि मग पैशासाठी हटून बसतो. कलोसियमपाशी शिरस्त्राण घातलेले रोमन शिपाई छायाचित्रासाठी गळ्यात हात टाकतात. आई या सर्वांतून हात पदराखाली घेऊन चालत राहिली. दादरच्या पुलावर ज्याने उमेदीची वर्षे काढली त्याला हे नवीन नसते.

या नगरीतील फसवणुकीचा बराच मोठा भाग एकाच युक्तीवर उभा आहे, असे आम्हांला दिसून आले. जे फुकट आहे किंवा ज्याचा दर ठरलेला आहे, ते दुर्मिळ असल्याचे भासवून विकायचे. फ्युमिचिनो विमानतळाच्या दारातच 'टॅक्सी, टॅक्सी' करीत एक सद्गृहस्थ पुढे आले व त्यांनी चौघांचे नव्वद युरो सांगितले. विमानतळापासून जुन्या तटबंदीच्या आतपर्यंतचे भाडे नगरपालिकेने ठरवून दिलेले असते. त्या वेळी ते 50 युरो होते, पुढे वाढले. अधिकृत टॅक्सी पांढरी असते आणि हे दर तिच्यावर लिहिलेले असतात. आम्ही पांढऱ्या गाड्यांच्या रांगेत जाऊन उभे राहिलो, तेव्हा ते गृहस्थ दुसऱ्या कुटुंबाकडे वळले. महामंदिराकडे जाणाऱ्या रस्त्यावर गळ्यात ओळखपत्रे अडकवलेली तरुण मंडळी 'रांग दोन तासांची आहे, आमच्याबरोबर चला' असे सांगत होती. त्यांच्या मागे, डोळ्यांना दिसेल अशा अंतरावर, वीस-पंचवीस माणसांची रांग होती! महामंदिरात प्रवेशाला पैसे नाहीत. घुमटावर चढायचे असेल तरच तिकीट लागते. कलोसियमचे तिकीट 2023 च्या ऑक्टोबरपासून नावानिशी मिळते, त्यामुळे रस्त्यावर विकत घेतलेले परक्या नावाचे तिकीट दारात निरुपयोगी ठरू शकते.

बुधवारच्या पोपभेटीचेही असेच. एका उपाहारगृहाच्या दारात प्रत्येकी तीस युरोंना तिच्या प्रवेशिका देऊ करण्यात आल्या. मावशीचा हात पर्सकडे गेला होता. आईने विचारले, "पोपांना भेटायचे पैसे कोण घेतो गं?" आणि तेवढ्यावर तो व्यवहार संपला. या प्रवेशिका पूर्णपणे विनामूल्य असतात. आदल्या दिवशी दुपारी आम्ही कांस्यद्वारापाशी गेलो, तेथील स्विस रक्षकाने चार कागद मोजून हाती ठेवले. 28 फेब्रुवारीची ती भेट सभागृहात झाली. पोप फ्रान्सिस यांची प्रकृती बरी नव्हती; त्यांचे प्रवचन त्यांच्या साहाय्यकाने वाचले. त्यांचा थकलेला चेहरा पाहून आईने तेथेच जपमाळ काढली. पुढे 2025 च्या एप्रिलमध्ये ते निवर्तल्याची वार्ता आली, तेव्हा आम्हां चौघांनाही तो बुधवार आठवला.

आता आशीर्वादपटाविषयी, कारण यात्रेतील खरी परीक्षा तेथे झाली. व्हॅटिकनच्या परिसरातील एका दुकानात पोप महोदयांचे छायाचित्र छापलेले सुंदर पट टांगलेले होते. दुकानदार मोठा अगत्यशील. खुर्च्या दिल्या, कॉफी मागवली, मामा-मामींची नावे विचारून घेतली आणि दहा मिनिटांत सुवाच्य अक्षरांत ती लिहून देण्याची तयारी दाखवली. किंमत साठ युरो. मावशीच्या डोळ्यांत पाणी उभे राहिले. तिने या क्षणासाठी दोन वर्षे पैसे बाजूला टाकले होते. नको म्हणणे आम्हांला जड जात होते. अनोळख्या माणसाने कॉफी पाजल्यावर उठून जाणे हे आपल्या रीतीत बसत नाही, आणि ते तो विक्रेता पुरते ओळखून होता. आईने पट हातात घेतला, खालच्या बाजूने बोट फिरवले आणि आमच्याकडे पाहून एवढेच म्हणाली, "सही कोणाची आहे, विचारा." उत्तर लांबलचक आले, परंतु त्यात सहीचा पत्ता नव्हता. कॉफीचे पैसे टेबलावर ठेवून आम्ही उठलो.

आईला हे ठाऊक होते त्याचे श्रेय रोममध्ये रुग्णसेवा करणाऱ्या आमच्याच भागातील एका सिस्टरना. त्यांनी आदल्या संध्याकाळी सारे समजावून सांगितले होते. पूर्वी रोममधील काही दुकानांना असे पट देण्याची मुभा होती. 2014 अखेर ती काढून घेण्यात आली. तेव्हापासून अधिकृत पट पोप महोदयांच्या दानधर्म कार्यालयातूनच मिळतो. त्यावर त्या कार्यालयाच्या प्रमुखाची सही आणि कागदावर उठवलेला, शाईविना शिक्का असतो. काही प्रसंगांसाठी धर्मगुरूंची संमतीही लागते. त्याच्या शुल्कातून मिळणारा पैसा गोरगरिबांसाठी खर्च होतो. हे शेवटचे वाक्य मावशीला अधिक लागले. महामंदिराच्या स्तंभावलीजवळ रात्री पुठ्ठे अंथरून झोपणारी माणसे तिने पाहिली होती. त्यांच्यासाठी 2015 साली तेथेच न्हाणीघरे बांधली गेली, ती याच कार्यालयाने. बनावट पट विकणारा आपल्या खिशातून काढतो त्याहून अधिक त्या पुठ्ठ्यावरच्या माणसाच्या ताटातून काढतो, हा हिशेब तिने स्वतःच मांडला. संत आन्नाच्या दरवाज्यातून आत जाऊन आम्ही रीतसर अर्ज भरून दिला.

एवढे झाल्यावर मावशीने मात्र रोममधील सर्व भिकाऱ्यांना ठक ठरवून टाकले. यावरून दोघी बहिणींचा दोन दिवस वाद चालला. आईचे म्हणणे, "फसवणारा आधी हसतो. ज्याला खरंच लागतं तो मान वर करत नाही." आम्हांला हे सर्वस्वी पटले नाही, मान खाली घालून बसणारेही ठरवून बसवलेले असू शकतात, असे सिस्टरनी सांगितले होते. परंतु उपवासकाळ होता आणि आई रिकाम्या हाताने पुढे जायला तयार नव्हती. तिने कमरेच्या चंचीत मोठे पैसे आणि कोटाच्या खिशात सुटी नाणी अशी विभागणी केली; चंची कधी रस्त्यात उघडली नाही. शिवाय रोज सकाळी ती दोन पाव आणि चार संत्री जास्तीची घेई. कुणाला द्यायची ते ती चालता चालता ठरवी, आम्हांला विचारीत नसे.

खाण्याच्या बाबतीत तिला शिकवण्यासारखे आमच्याकडे काहीच नव्हते. भोजनालयात मासळीचा भाव बहुधा शंभर ग्रॅमला लिहिलेला असतो, ताटलीला नव्हे. हे न पाहता अख्खा मासा मागवणाऱ्यांना बिल पाहून घाम फुटतो. आईने भावापुढचे बारीक अक्षर आम्हांला वाचायला लावले, मासा आधी आणून दाखवायला सांगितला, कल्ला उचलून पाहिला आणि परत पाठवला. वाढपी हसला. पाणी आम्ही विकत घेतलेच नाही, कारण रस्तोरस्ती अडीच हजारांच्या आसपास लोखंडी नळ अहोरात्र वाहत असतात आणि ते पाणी उत्तम असते. टर्मिनी स्थानकावरून निघणाऱ्या 64 क्रमांकाच्या बसविषयी तेवढे सांगतो. ती खिसेकापूंसाठी ख्यातनाम आहे, तेव्हा शक्यतो पायी चालावे.

पायी चालल्यामुळेच एका दुपारी क्विरिनाल टेकडीवरील संत आंद्रेयाचे मंदिर दिसले. ख्रिस्तपुराणकर्ते फादर स्टीफन्स 1575 साली येथेच येशूसंघात दाखल झाले. आजची वास्तू त्यांच्यानंतरची, बेर्निनीने उभारलेली आहे. तरी मराठीत ख्रिस्तकथा सांगणाऱ्या त्या इंग्रज तरुणाची वाट या टेकडीवरून गोव्याकडे गेली, हे मनात आल्यावर आम्ही बराच वेळ बाकावर बसून राहिलो. आत दुसरे कोणी नव्हते. दाराशी कोणी काही विकत नव्हते.

आशीर्वादपट पुढे टपालाने वसईला आला. मामांनी तो चौकटीत बसवायला देण्यापूर्वी चष्मा चढवला, खिडकीच्या उजेडात धरला आणि उठवलेल्या शिक्क्यावरून दोनदा बोट फिरवले. मामी म्हणाल्या, "अहो, भाजी नाही ती." मावशीने तिसऱ्यांदा बोट फिरवले.