मे महिन्यातला टकमक

डोंगराला भ्यायचं ते पावसाळ्यात, असं आमच्या भागात सगळ्यांनी मनाशी ठरवून टाकलंय. चिंचोटीच्या धबधब्यावर माणसं बुडाली, म्हणून पावसाळ्यात तिथं मनाई आदेश निघतात. मे महिन्यात टकमक गडाच्या वाटेवर मात्र कुणी अडवत नाही. मी चांदीपचा. तुंगारेश्वरचं जंगल आणि तानसा नदी लहानपणापासून पाहिलेली, त्यामुळे टकमक म्हणजे आपला घरचाच डोंगर, असं मी मित्रांना छातीठोकपणे सांगितलं. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला.

माझा हिशोबच चुकीचा होता. टकमकची उंची दोन हजार फुटांच्या आसपास, आणि आमच्यातले दोघे 3,400 फुटांचा लोहगड करून आलेले. मग हा तर सोपाच, असं मी म्हणालो. पण लोहगडाच्या पायथ्याचं गाव मुळातच उंचावर आहे, निम्म्याहून जास्त उंची गाडीनंच चढून होते. टकमकचा पायथा म्हणजे अहमदाबाद महामार्गावरचं सकवार, खाडीपासून फार उंच नाही. गडाची उंची जवळजवळ सगळी पायांनीच चढावी लागते.

उन्हाचंही तेच. मोबाइल 36 अंश दाखवत होता. किनारपट्टीवर 37 च्या खाली हवामान खातं उष्णतेची लाट धरत नाही, एवढं मला ठाऊक होतं. पण ते तापमान सावलीत, हवेशीर पेटीत मोजलेलं असतं. आम्ही चढत होतो वणव्यानं काळ्या पडलेल्या उघड्या सोंडेवरून. शिवाय घाम वाळला तरच अंग थंड होतं. आपल्याकडच्या दमट हवेत तो नुसता निथळत राहतो, अंगातलं पाणी आणि मीठ घेऊन जातो आणि गारवा काही देत नाही.

निघायला उशीर झाला, कारण महामार्गावर मिसळ खात बसलो. पाड्यावर एक म्हातारे बाबा भेटले. "पोरांनो, हा टाइम नाय चढायचा. उद्या फाटे या," असं त्यांनी नीट थांबवून सांगितलं. मी हसून हो म्हटलं आणि पुढे निघालो. ढोरवाटांनी दोनदा चकवलं तेव्हा परत जाऊन कुणाला सोबत घ्यायला हवं होतं. गडावर टाकी आहेत म्हणून पाणीही कमी घेतलेलं. मे महिन्यात त्या टाक्यांत काय असेल, हे मी कुणालाच विचारलं नव्हतं.

खिंडीत तीन दगड मांडून आम्ही मॅगी शिजवली. भोवती पाचोळा आणि गुडघाभर वाळलेलं गवत. 11 मार्च 2018 ला तमिळनाडूत कुरंगणीच्या डोंगरात वणव्यात सापडून वीसहून जास्त ट्रेकर गेले, ती बातमी मी तेव्हा वाचली होती, तिच्यावर मित्रांशी बोललोही होतो. तरी काडी मीच ओढली. काही पेटलं नाही, यात आमचं कर्तृत्व शून्य.

आता आमच्यातल्या एका मित्राबद्दल. खिंडीच्या वर तो म्हणाला, डोकं ठणकतंय. मी म्हणालो, आलोच आता. थोड्या वेळानं पोटऱ्यांत गोळे आले, मग उलटी झाली. साधं पाणी तो पीत होता, पण आमच्यापैकी कुणाच्याही पिशवीत मीठ-साखर किंवा ओआरएस नव्हतं. तिथंच सगळ्यांनी परत फिरायचं होतं. मी त्याला एका ऐनाच्या विरळ सावलीत बसवलं, "तू आराम कर, आम्ही तोफा बघून येतो" म्हटलं आणि बाकीच्यांना घेऊन वर गेलो. त्याच्याजवळ एकालाही ठेवलं नाही. टाक्यातलं पाणी हिरवं होतं. तोफेपाशी फोटो काढले. त्यात मी हसतोय.

परत आलो तेव्हा तो जागेवर नव्हता. बराच खाली, वाट सोडून, एका दगडाला टेकलेला सापडला. नाव विचारलं तर भलतंच काही बोलत होता. उन्हात माणूस असं असंबद्ध बोलायला लागला, तर तो नुसता थकवा नसतो. ताप मेंदूपर्यंत पोचलेला असतो आणि त्यात जीव जातो. हे मला नंतर डॉक्टरांनी सांगितलं. तेव्हा आमच्यासोबत असलेल्या माझ्या मावसभावाला सुचलं म्हणून त्यानं उरलेलं पाणी मित्राच्या मानेवर, काखेत ओतलं, शर्ट काढून वारा घातला. पाड्यावरची दोन पोरं कळशी घेऊन वर आली आणि त्यांनीच त्याला जवळजवळ उचलून उतरवलं. दवाखान्यात तो वाचला. त्याच्या आईला मी सांगितलं, "काकू, जरा ऊन लागलं."

हल्ली मी उन्हाळ्यात झुंजुमुंजु व्हायच्या आत चढायला लागतो आणि ऊन तापायच्या आत खाली असतो. सगळ्यात हळू चालणारा पुढे असतो, एक दुखावला की सगळे परततात. हे बदल सोपे होते. अवघड गोष्ट वेगळी आहे. तो मित्र त्या दिवसानंतर रोज पहाटे धावायला लागला, कारण आपला स्टॅमिना कमी पडला, आपल्यामुळे सगळ्यांचा ट्रेक बिघडला, असं त्याला वाटतं. त्यानं हे माझ्यासमोर अनेकदा म्हटलं आणि मी गप्प राहिलो. त्याला एकट्याला सोडून वर जायचं मी ठरवलं होतं, बाकीच्यांनी नव्हे. त्यांच्यातल्या एकानं तर थांबतो असंही म्हटलं होतं, मीच नको म्हणालो. हे त्याला माहीत नाही. हे लिहिलेलं सगळ्यात आधी त्याच्या हातात देणार आहे, आणि मग काकूंकडे जाणार आहे.