वेळापत्रकाचं कोडं

आमच्याकडे शिक्षण घ्यायचं ते नोकरीसाठी. त्यात काही वाईट आहे असं मी मानत नाही. मी स्वतः बी.ए., मग बी.एड. केलं ते शाळेत लागता यावं म्हणूनच. त्यामुळे माझ्या भाच्याच्या मुलाने हातात आलेली नोकरी नको म्हटली, आणि "संगणकशास्त्रात पीएच.डी. करणार" असं जाहीर केलं, तेव्हा घरात काय झालं असेल याची कल्पना तुम्ही करू शकता.

भाच्याची बाजूही खरी आहे. त्याच्या निवृत्तीला तीन वर्षं उरलीत, घराचे हप्ते चालू आहेत, धाकटी मुलगी यंदा बारावीला. जेआरएफ म्हणजे संशोधनवृत्ती 2023 पासून महिना 37,000 रुपये आहे. नोकरीत याच्या दुपटीहून जास्त मिळत होते. "मामा, तुमचं ऐकतो तो. जरा समजवा," असा फोन आला.

मी मुलाला बोलावून घेतलं आणि एकच विचारलं, "का रे बाबा?"

तो म्हणाला, "मामाआजोबा, तुमच्या वेळापत्रकामुळे!"

मंडळी, शाळेत मी बरीच वर्षं वेळापत्रक केलं. निवृत्तीनंतरही दोन-तीन वर्षं शाळेने त्यासाठी बोलावलं. मे महिन्यात चौकटीचे मोठे कागद, पेन्सिल आणि खोडरबर घेऊन मी ओटीवर बसायचो. हा तेव्हा सहा-सात वर्षांचा, सुट्टीला आलेला. खोडण्याचं काम त्याच्याकडे. चित्रकलेचे सर अंशकालीन, ते दुपारनंतरच येणार, विज्ञानाला जोडतास हवा, मैदान एकच. एक तास हलवला की चार ठिकाणी घोळ. त्याने एकदा विचारलं होतं म्हणे, "हे जमणारच नाही, असं कधी कळतं?" आणि मी म्हणालो होतो, "जून उजाडला की!"

मी विसरलो होतो. तो विसरला नव्हता.

मग त्याने मला समजावून सांगितलं. एका वर्गाचे फक्त 20 वेगवेगळे तास 20 जागी मांडायचे, तर सेकंदाला 100 कोटी मांडण्या तपासणाऱ्या यंत्रालाही सगळ्या तपासायला सुमारे 77 वर्षं लागतील. म्हणजे माझ्या वयाहून थोडी जास्तच! सगळे शिक्षक दिवसभर हजर असतील तर साधं वेळापत्रक बसवण्याची झटपट रीत आहे. पण काही जण ठरावीक वेळीच येणार म्हटलं, की प्रश्न एकदम अवघड वर्गात जातो. एव्हन, इताई आणि शामीर यांनी 1976 साली हे सिद्ध केलं. म्हणजे माझ्या कपाळावरच्या आठ्यांना कारण आमचे चित्रकलेचे सर होते, आणि त्याला गणिती पुरावा आहे!

अशा अवघड प्रश्नांची एक मोठी जातकुळी आहे. त्यातल्या कोणत्याही एकाला झटपट रीत सापडली तर सगळ्यांनाच सापडेल. तयार वेळापत्रक तपासणं सोपं. पण जे तपासणं सोपं ते शोधणंही सोपं असतं का? स्टीफन कुक यांनी 1971 साली मांडलेला हा प्रश्न आजही सुटलेला नाही. त्यावर 2000 साली दहा लाख डॉलरचं बक्षीस लावलं गेलं, तेही तसंच पडून आहे.

"मग पाच वर्षांत तुझ्याकडून तो सुटला नाही तर?" मी विचारलं.

"मी तो सोडवायला जातच नाहीये, आजोबा. कोणत्या अटी घातल्या की काम अवघड होतं, कोणत्या काढल्या की सोपं होतं, एवढं तरी बघायचंय. त्याशिवाय मला चैन पडणार नाही."

हे उत्तर मला पटलं. बक्षीस आणायला निघालो म्हणाला असता तर मी त्याच्या बापाची बाजू घेतली असती.

भाच्याला सांगितलं, तेव्हा तो म्हणाला, "असले शोध परदेशात लागतात, मामा." मी त्याला कानपूरची गोष्ट ऐकवली. एखादी संख्या मूळ आहे की नाही हे ठरवायची खात्रीची आणि झटपट रीत 2002 साली आयआयटी कानपूरमध्ये सापडली. मणींद्र अग्रवाल हे प्राध्यापक, आणि नीरज कयाल व नितीन सक्सेना हे नुकतेच बी.टेक. झालेले विद्यार्थी. त्या कामाला 2006 साली गोडेल पारितोषिक मिळालं.

तो गप्प बसला. पण गोष्टीने हप्ते फिटत नाहीत, हे मलाही कळतं. म्हणून घरी हिच्याशी बोलून मी ठरवलं, की धाकटीच्या फीचा निम्मा भार आमच्या पेन्शनमधून उचलायचा. ही म्हणाली, "तीर्थयात्रा पुढच्या वर्षी करू."

भाचा अजून हो म्हणालेला नाही. पण काल त्याने मुलाला विचारलं, की हॉस्टेलला गादी मिळते की घरून न्यावी लागते.